किती वेळा?

ज्येष्ठ सरत आला होता. पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याचं गढूळ पाणी गावाच्या फुटक्या पाइपलाइनीत शिरलं आणि दोन-तीन दिवसांत घरटी एक तरी माणूस जुलाब-उलट्यांनी आडवं झालं. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं. त्या भरल्या, मग व्हरांड्यात सतरंज्या पडल्या. टाकी धुणं, टीसीएल पावडर टाकणं, घरोघरी मेडिक्लोरच्या बाटल्या वाटणं हे सगळं सुरू झालं, पण साथ आल्यावर. ते पावसाच्या आधी व्हायला हवं होतं. त्यावर लिहावं तेवढं थोडंच, पण ही गोष्ट वॉर्डातली आहे.

रात्रपाळीला दोघी होत्या. थोरल्या सिस्टरची नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. धाकटीची ही पहिलीच नेमणूक. धाकटी हुशार, हाताला चपळ. अंगातलं पाणी आटून शिरा चपट्या झालेल्या पेशंटलाही ती पहिल्या टोचण्यात सलाईन लावायची. नातेवाईक तिच्याच नावाने हाका मारायचे, कारण आपल्याकडे सलाईन लागलं म्हणजे उपचार सुरू झाला असं लोक धरून चालतात.

नऊच्या सुमाराला एक बाप दीड वर्षाच्या पोराला खांद्यावर टाकून धावत आला. मागोमाग आई.

"सिस्टर, सकाळपास्नं दहा-बारा डाव झालंय. आधी सलाईन लावा. बाहेरनं आणायची तर आणतो, पैशाचं बघू नका."

थोरल्या सिस्टरनी पोराला आईच्या मांडीवर घ्यायला लावलं आणि धाकटीला म्हणाल्या, "बघ. काय दिसतं ते सांग."

धाकटीने पाहिलं. डोळे खोल गेलेले, रडताना पाणी येत नव्हतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती चटकन बसली नाही, सावकाश बसली. पण पाण्याची वाटी ओठाला लावताच पोराने ती दोन्ही हातांनी धरली आणि सोडेना.

"मागून पितोय," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "नुसता पडून राहिला असता, गिळता येत नसतं, तर मी एक क्षण थांबले नसते, आरएलचं सलाईन लावायला सांगितलं असतं. वजन किती?"

"नऊ किलो."

"चार तासांत किती पाजायचं?"

"किलोला पंच्याहत्तर मिली. पावणेसातशे."

"चहाचे चमचे किती झाले?"

धाकटीने मनात भागाकार केला. "एकशे पस्तीस."

"म्हणजे दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत एक चमचा, असं चार तास. तू पाजत बसणार? मग बाकीचे कोण बघणार?"

त्या खाली बसल्या आणि आईला शिकवायला लागल्या. लिटरची पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरायची, त्यात ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं टाकायचं. अर्धं पाकीट वाटीभर पाण्यात, असलं अंदाजाचं काम नको. घट्ट झालं तर पोराला बाधतं, पातळ झालं तर उपयोग होत नाही. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी उरलं असलं तरी ओतून द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, जरा सावकाश. अंगावरचं दूध तोडायचं नाही. बापाच्या हातात औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा आणि पेन दिलं. दर चमच्याला एक रेघ. लंगोट बदललं की उघडून बघायचं: किती झालं, कसं झालं, रक्त-आव आहे का, लघवी झाली का.

"आणि दादा, हे पण सलाईनच आहे. फक्त तोंडावाटे द्यायचं."

या रीतीमागे मोठा इतिहास आहे. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या इस्पितळात डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे फरशीवर, घाणीतच पडलेली माणसं होती आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मापून पाण्यात कालवला, ते पाणी पिंपांत भरलं आणि पाजायचं काम पेशंटच्या आया-बहिणी-भावांवर सोपवलं. तोवर शंभरातली तीसपर्यंत माणसं दगावत होती. महालनबीसांच्या देखरेखीखाली ते प्रमाण चाराच्या खाली आलं. आतड्याच्या भिंतीतून साखर आत जाताना मिठाला सोबत घेऊन जाते, त्यांच्या मागून पाणी जातं, आणि जुलाब चालू असतानाही ही वाट बंद होत नाही. हे शास्त्र आधी ठाऊक झालेलं होतं. इतक्या मोठ्या साथीत ते घरच्यांच्या हातात देण्याची हिंमत बनगावात झाली. २०२२ मध्ये महालनबीस गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्यांचं नाव आपल्या शाळकरी मुलांना पाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तर वॉर्डात पुठ्ठ्यावर रेघा पडत होत्या. मध्यरात्र उलटली आणि बाप एकदम ओरडला, "मुतला! सिस्टर, मुतला!" त्याने ओलं लंगोट ट्यूबलाइटखाली उंच धरलं होतं. शेजारपाजारचे पेशंट, त्यांची माणसं, झाडू मारणाऱ्या मावशी, सगळे हसले. आईने ते लंगोट घेतलं, दुसरं बांधलं आणि पोराच्या ढुंगणाचा पापा घेतला. पोटात पाणी टिकायला लागलं, त्याची ती वर्दी होती.

त्यानंतर तासाभरात जीपमधून एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीत पाय घसरून उजव्या खुब्याचं हाड मोडलेलं, शहरात ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून पडवीतल्या खाटेवर. गाव तेच, साथीचं.

मुलगा म्हणाला, "तीन दिस जुलाब चालू हायती. मेडिकलातनं बंद व्हायच्या गोळ्या आणून दिल्या, तरी थांबंनात."

थोरल्या सिस्टर तेव्हा बाळंतपणात अडकल्या होत्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आजींची नाडी, बीपी बघितलं, साथीतलाच पेशंट म्हणून ओआरएस आणि 'लक्ष ठेवा' असं लिहिलं आणि तेही तिकडे धावले. धाकटीने सुनेला विचारलं, "किती वेळा?"

"आठ-नऊ डाव झालं असंल."

तिने केसपेपरवर लिहिलं: जुलाब, ८ वेळा. ओआरएसची बाटली सुनेच्या हातात दिली, पाजायचं कसं ते नीट सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. कामात कसूर नव्हती. पण आजींनी तोंड मिटून घेतलं. सून चमचा पुढे करायची, आजी मान फिरवायच्या. "नगं गं. प्याले की पुन्यांदा तेच." उजाडलं तरी बाटली भरलेलीच होती.

सहाला थोरल्या सिस्टर फेरीला आल्या. पोराचा पुठ्ठा पाहिला, त्याच्या पोटाची चिमटी घेतली, कातडी झटकन बसली; त्याला झिंकची गोळी पाण्यात विरघळवून द्यायला सांगितली. मग आजींच्या खाटेशी थांबल्या.

"आठ वेळा जुलाब," धाकटी म्हणाली. "ओआरएस घेतच नाहीत."

"तू पाहिलंस?"

"सुनेनं सांगितलं."

"कपडा कुठाय?"

सुनेने खाटेखालून एक बोचकं ओढलं. थोरल्या सिस्टरनी हातमोजे चढवले, गाठ सोडली आणि एकेक फडकं उजेडात धरून पाहिलं. प्रत्येकावर तळहाताएवढा तपकिरी डाग.

"एवढंच होतं?"

"व्हय, एवढंच. पर सारखं."

त्यांनी आजींच्या पोटावर हात ठेवला आणि हळूहळू दाबत डाव्या कुशीकडे खाली नेला. तिथे कठीण, ओबडधोबड गोळे हाताला लागले. धाकटीचा हात धरून तिथेच ठेवला.

"आजी, लागली की कळतं का?"

"न्हाई बया. आपसूक भिजतंय."

"त्याच्या आधी नीट, साफ कधी झाली होती?"

आजी गप्प.

"रोजच हुईत असंल की," मुलगा म्हणाला.

"दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा." त्यांनी पडदा ओढला, स्टूल घेऊन आजींच्या तोंडाशी बसल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळू आवाजात.

"वटपुनवंच्या आधी," आजी म्हणाल्या.

वटपौर्णिमा होऊन बारा दिवस झाले होते.

मग सगळं बाहेर आलं. सून सकाळी मजुरीला जाते, दिवस मावळायला येते. दिवसा भांडं कोण देणार? संध्याकाळी दमून आली की तिने आधी सासूची घाण काढायची आणि त्याच हाताने भाकरी थापायची, हे आजींना सोसवेना. म्हणून त्यांनीच यावर उपाय काढला: सकाळी घोटभर चहा, दिवसभर पाणी नाही, आणि लागली तरी दाबून धरायचं. शेजारणीने इसबगोल आणून दिला, तोही दोन घोटांत गिळला. इसबगोलाला वर पेलाभर पाणी लागतं, नाहीतर तो आतच घट्ट बसतो. त्यात शहरातल्या डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या चालू होत्या, ट्रॅमाडॉलच्या. या जातीच्या गोळ्या दुखणं थांबवतात आणि आतड्याची हालचालही मंद करतात. म्हातारपण, अंथरूण, पाणी नाही, गोळी, आणि लाज: पाचांनी मिळून खडा धरला होता. वरून येणारं पातळ तेवढं त्याच्या कडेने पाझरत होतं. घरच्यांना ते जुलाब वाटले आणि त्यावर दिलेल्या बंद व्हायच्या गोळ्यांनी आतडं आणखीच थिजलं.

डॉक्टर परत आले, त्यांनी बोट घालून तपासलं आणि मान हलवली. खडाच.

मुलाला समजेना. "जुलाब हुतायत आन् तुम्ही म्हणताय संडास तटलीय?"

"पाटात धोंडा अडकला तर पाणी कडेनं झिरपतं का नाही?" थोरल्या सिस्टरनी विचारलं.

शेतकऱ्याला याहून जास्त सांगावं लागलं नाही.

पुढचा पाऊण तास मला सविस्तर सांगायला हवा, कारण शुश्रूषा म्हणजे काय ते त्यात आहे. ऑपरेशन उजव्या बाजूचं, म्हणून आजींना डाव्या कुशीवर वळवलं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली, कमरेखाली रबर आणि त्यावर जुनं मऊ लुगडं. उघडं पडेल तेवढंच उघडं, बाकी अंग चादरीखाली. आधी तेलाचा एनिमा देऊन थांबले, आतलं मऊ पडू दिलं. मग डॉक्टरांनी मोज्यावर भरपूर जेली लावून थोडं थोडं फोडत काढायला सुरुवात केली. धाकटीला त्यांनी नाडी धरायला सांगितली होती. अशा वेळी नाडी एकदम मंद होऊन माणसाला घेरी येऊ शकते. दोनदा आजींच्या कपाळाला घाम आला, दोन्ही वेळा डॉक्टर थांबले. वास सगळ्या वॉर्डात गेला. पडद्याबाहेर कुणीतरी खिडकी उघडली, कुणीतरी "काय हो हे" म्हणालं, आणि आजींनी पदर तोंडात कोंबून डोळे गच्च मिटले.

धाकटीने श्वास रोखून धरला होता. थोरल्या सिस्टरनी ते पाहिलं.

"रात्री त्या पोराचं लंगोट बापानं वर धरलं तेव्हा सगळा वॉर्ड हसला," त्या म्हणाल्या. "त्याचं तू चार वेळा उघडून पाहिलंस, रंगसुद्धा लिहिलास. हिचं एकदाही नाही. मी रागावत नाही, पण हे आजीला कळतं. आपण तोंड फिरवायच्या आधी कळतं."

धाकटीने श्वास सोडला आणि आजींच्या पाठीवर हात ठेवला. "झालं आजी, थोडंच राहिलंय. चांगलं मोकळं होतंय."

आपल्या घरांत हे रोज घडतं. एसटीने लांब जायचं असलं की पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. लग्नघरी दिवसभर ओठ कोरडे ठेवणाऱ्या पाहिल्या आहेत. त्यांना तसं करायला कुणी सांगत नाही. सोय नसते आणि विचारायची चोरी असते, एवढ्यावरून त्या समजून घेतात. म्हातारपणी ही सवय जिवावर बेतते. पोटाच्या निम्म्या तक्रारी डॉक्टरपर्यंत पोचतात त्या आधीच कुणीतरी गाळून, धुऊन, सभ्य करून ठेवलेल्या असतात: "पोट बिघडलंय", "जरा जास्त होतंय", "साफ होत नाही". खरी माहिती त्या बोचक्यात असते आणि ते आपण खाटेखाली ढकलतो. किती झालं, कोणत्या रंगाचं, पाण्यासारखं की खड्यासारखं, रक्त आहे का, काळं डांबरी आहे का, हे पाहणं ही तपासणी आहे. लॅबमध्ये पैसे भरून होणाऱ्या तपासणीइतकीच मोलाची.

आजींचं पोट उतरलं. धाकटीने कोमट पाण्याने अंग पुसलं, कातडी कोरडी केली, लाल झालेल्या जागी मलम लावलं, माकडहाडापाशी जखम तर धरत नाही ना ते बघितलं. बोचकं ब्लीचच्या पाण्यात भिजत घातलं. कोपरापर्यंत हात साबणाने धुतले. केसपेपरवरची रात्रीची नोंद तिने खाली नव्या ओळीत दुरुस्त केली, वेळ घालून आणि सही करून.

डॉक्टरांनी दुखण्यावरची गोळी बदलून साधी पॅरासिटामॉल दिली, संडास मऊ राहावी म्हणून लॅक्टुलोजचं औषध रोज घ्यायला लिहिलं. खुब्याच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं, बसवलं तर चालेल का? पलीकडून उत्तर आलं, बसवायलाच हवं, फक्त बैठक उंच ठेवा, गुडघे कमरेच्या वर जायला नकोत. ही गोष्ट घरच्यांना दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी नीट बसून सांगितली असती, तर आजी इथे आल्याच नसत्या.

मग थोरल्या सिस्टरनी मुलाला आत बोलावलं. "दुपारी घरी कोण असतं?"

"मी असतो. बारा ते तीन."

"मग बघा इकडं." त्यांनी बेडपॅन हातात घेतलं. कोमट पाण्याने धुऊन पुसायचं, म्हणजे गार लागत नाही. पेशंटला कुशीवर वळवायचं, भांडं कमरेला टेकवायचं, मग सावकाश उताणं करायचं. खालून ढकलायचं नाही, कातडी सोलते.

आजी उठून बसायला लागल्या. "ह्येला कशाला शिकवताय? पोरगा हाय त्यो. सून हाय की."

"सून दिवसा मजुरीला असते, आजी. तुम्हीच म्हणालात."

मुलगा बराच वेळ भांड्याकडे बघत उभा राहिला. नंतर म्हणाला, "परत एकदा दावा. वळवताना कुठला हात कुठं घालायचा?" त्या दिवशी संध्याकाळी तो बाजारातून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. बैठकीला मधोमध गोल भोक पाडलं, कडा फडक्याने गुंडाळल्या, पायांना लाकडी ठोकळे ठोकून ती उंच केली. सुनेला धाकटीने वेळ समजावली: सकाळी चहा-भाकरी पोटात पडली की मोठं आतडं हलायला लागतं, तेव्हा वीस मिनिटांनी आजींना खुर्चीवर बसवायचं आणि घाई करायची नाही. लागो न लागो, रोज त्याच वेळेला.

पाण्याचं मात्र कुणाच्या सांगण्याने होणार नव्हतं. धाकटीची पाळी आता सकाळची झाली होती. पहिल्या दिवशी ती दर तासाला येऊन पेला पुढे करायची आणि प्रत्येक वेळी शेजारी उभी राहायची. भांडं लागलं की स्वतः द्यायची, उचलताना बघायची आणि जे दिसलं ते आजींनाच सांगायची, हवापाण्याचं बोलावं तसं: आज मऊ आहे, रंग चांगला आहे, लघवी अजून पिवळी आहे, पाणी वाढवा. दुसऱ्या दिवशी दुपारी आजींनी पेला आपणहून मागितला.

पोरगं तोवर घरी गेलं होतं, झिंकच्या चौदा दिवसांच्या गोळ्या घेऊन. बापाने जाताना तो पुठ्ठा मागून नेला.

तिसऱ्या दिवशी सकाळपाळी संपली आणि धाकटी दुपारच्या सिस्टरला खाटांवरून ओव्हर देत होती. "बारा नंबर. आजी. पोट मऊ आहे, भूक लागते, ताप नाही. संडास दोन वेळा, बांधलेली, रक्त नाही."

"दोनदा न्हाई," खाटेवरून आवाज आला, पार व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल असा. "तीनदा. पहाटंचं तू धरलंच न्हाईस, तवा तुझी पाळी न्हवती. आन् पानी बी लिही. चार गलास झालं, ह्यो पाचवा."